नोव्हेंबरची सही करण्याआधी

पत्र:

नमस्कार ताई,

आम्ही नाशिकला राहतो. मुलगी सीबीएसईच्या शाळेत बारावीला आहे. दहावीला ९६ टक्के होते, अकरावीही चांगली गेली. तिला अर्थशास्त्र आणि गणित एकत्र शिकायचं आहे आणि तेही अमेरिकेत. गेली दोन वर्षं ती त्यासाठी मनापासून झटते आहे. सॅट या तिथल्या प्रवेशपरीक्षेला एकदा बसली, १६०० पैकी १४८० आले. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसणार आहे.

मी शिक्षिका आहे, यजमान एका कंपनीत इंजिनिअर आहेत. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ३२ लाखांच्या आसपास. राहता फ्लॅट आहे, त्याचे हप्ते अजून सहा वर्षं चालतील. निफाडला यजमानांच्या वाट्याची थोडी द्राक्षबाग आहे, ती धाकटे दीर बघतात. मुलगा सातवीत आहे.

पुण्याच्या एका सल्लागारांकडे आम्ही फी भरून मुलीचं नाव घातलं. ते म्हणतात, एकाच कॉलेजला ‘अर्ली डिसिजन’चा अर्ज १ नोव्हेंबरच्या आत करून टाका, संधी दुप्पट-तिप्पट होते. शिवाय अर्जात आर्थिक मदत नको असं लिहा. मदत मागितली की परदेशी मुलांची नावं मागे पडतात. एकदा आत गेली की पुढच्या वर्षी मागता येईल. थोरले दीर न्यू जर्सीला असतात. त्यांच्या मुलाला असाच अर्ज करून प्रवेश मिळाला, म्हणून तेही हेच सांगतात.

मुलीचं आवडतं कॉलेज उन्हाळ्यापासून दोन-तीनदा बदललं. सध्या पेनसिल्व्हेनियातलं एक छोटं कॉलेज तिच्या मनात आहे. अर्जावर पालकांची सही लागते. यजमान म्हणतात, करून टाकू, पुढचं पुढे बघू. मला मात्र रात्र-रात्र झोप लागत नाही. सही केली नाही तर लेकीच्या वाटेत मीच आडवी आले असं होईल. काय करू?

— एक आई, नाशिक

उत्तर:

ताई,

तुम्ही दिलेले आकडे आणि मुलीचं आत्ताचं मन, दोन्ही आहे तसं धरलं तर या नोव्हेंबरात ती सही करू नका. आणि ‘आर्थिक मदत नको’ असं तर कुठल्याच अर्जात, कुठल्याच फेरीत लिहू नका. यातलं दुसरं पहिल्यापेक्षाही महत्त्वाचं आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं. मुलीला अमेरिकेला पाठवूच नका, असं मी म्हणत नाही. तिचे अर्ज जावेत, चांगले जावेत, आणि प्रवेशाचं पत्र येईल त्या दिवशी तुमच्या घरात आनंद व्हावा, पैशांच्या चिंतेनं कुणाच्या पोटात गोळा येऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

आधी ही सही कशावर असते ते बघू. अर्ली डिसिजनच्या करारावर तिघांच्या सह्या लागतात: मुलीची, पालकांपैकी एकाची आणि शाळेच्या समुपदेशकाची. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत वेगळा समुपदेशक नसतो. प्राचार्य किंवा एखादी शिक्षिका ते काम करते आणि या सहीचा अर्थ तिलाही कुणी नीट सांगितलेला नसतो. करार असा, की मुलगी या पद्धतीनं एकाच कॉलेजला अर्ज करेल. डिसेंबरच्या मध्यावर निकाल लागेल. प्रवेश मिळाला तर ती तिथेच जाईल आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घेईल, मग ते इंग्लंडमधले का असेनात. करार मोडला म्हणून कॉलेज कोर्टात खेचत नाही. पण त्यावर शाळेची सही असते आणि कॉलेजं शाळांची नावं लक्षात ठेवतात. तुमच्या मुलीनं विनाकारण माघार घेतली तर पुढच्या वर्षी त्याच शाळेतून अर्ज करणाऱ्या मुलाकडे संशयानं बघितलं जाऊ शकतं. म्हणून ‘करून टाकू, पुढचं पुढे बघू’ हा विचार इथे चालत नाही. या अर्जात पुढचं सगळं आधीच कबूल केलेलं असतं.

लवकरचा अर्ज म्हणजे फक्त हाच नव्हे. ‘अर्ली ॲक्शन’ नावाचा दुसरा प्रकार आहे. त्याची तारीखही बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या सुमारास असते, निकालही लवकर लागतो, पण बंधन नसतं. येणार की नाही हे १ मेपर्यंत कळवायचं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांच्याकडे या दोन्हींच्या मधला प्रकार आहे. प्रवेश मिळाला तरी जायलाच हवं असं नाही, मात्र त्या फेरीत दुसऱ्या खासगी विद्यापीठाला लवकरचा अर्ज करायचा नाही. सरकारी विद्यापीठं आणि परदेशातली विद्यापीठं यांना सहसा मुभा असते. याशिवाय बरीच कॉलेजं अर्ली डिसिजनची दुसरी फेरीही घेतात: अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल फेब्रुवारीच्या मध्यावर, बंधन पहिल्या फेरीइतकंच. ही दुसरी फेरी लक्षात ठेवा, तुमच्या उपयोगाची आहे.

आता ‘संधी दुप्पट’ या दाव्याकडे येते. तो निव्वळ थाप नाही. हार्वर्डच्या दोन प्राध्यापकांनी एका सहकाऱ्याबरोबर २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं होतं, की लवकर अर्ज केल्याचा फायदा साधारणपणे सॅटचे १०० गुण वाढल्याइतका असतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासारख्या ठिकाणी वर्गातल्या जवळपास निम्म्या जागा याच फेरीत भरतात. कॉलेजच्या बाजूनं कारणही सरळ आहे. नियमित फेरीत प्रवेश दिलेल्यांपैकी किती मुलं प्रत्यक्ष येतील याचा भरवसा नसतो. अर्ली डिसिजनचं मूल जवळपास नक्की येतं. जागा भरण्याची चिंता मिटते, फीचा अंदाज बांधता येतो, आणि ‘प्रवेश दिलेल्यांपैकी इतके टक्के आमच्याकडेच आले’ हा मिरवायचा आकडाही वाढतो.

पण त्या फेरीतली टक्केवारी वाचताना त्यात कोण कोण असतं ते बघायला हवं. कॉलेजच्या प्रशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलेले खेळाडू त्यात असतात. जिथे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप मिळतं तिथे तीही बहुतेक याच फेरीत येतात. फीची चिंता नसलेल्या घरांतली मुलं तर असतातच. या सगळ्यांनी मिळून तो आकडा फुगतो. नाशिकहून अर्ज करणाऱ्या आणि आर्थिक मदत लागणाऱ्या मुलीची संधी किती, हे त्या टक्केवारीत कुठेच लिहिलेलं नसतं. सल्लागार तुम्हाला दाखवतात तो आकडा तिचा नाही.

पैशांवर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण तुमची झोप तिथेच अडली आहे असं पत्रावरून वाटतं.

नावाजलेल्या खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे फी, राहणं, जेवण, विमा, पुस्तकं मिळून, आज ९० हजार डॉलरच्या आसपास गेला आहे; काही ठिकाणी त्याहूनही वर. रुपयांत हे वर्षाला ७५ ते ८० लाख होतात. चार वर्षांचे तीन कोटींच्या वर, आणि फी दरवर्षी वाढते ती वेगळीच. तुमचं दोघांचं ३२ लाखांचं उत्पन्न डॉलरमध्ये ३५ ते ३७ हजार भरतं. नाशिकमध्ये हे खाऊनपिऊन सुखी घर आहे. तिथल्या हिशेबात मात्र हे कमी उत्पन्नाचं घर आहे, ज्याला मदत लागणार हे उघड आहे. त्यात कमीपणा काही नाही. ‘आपण काही गरीब नाही, आपल्याला कोण मदत देणार’ असं म्हणून मदतीचा रकाना रिकामा सोडणारे पालक मला दरवर्षी भेटतात आणि दरवर्षी मी त्यांना हाच हिशेब कागदावर मांडून दाखवते.

सल्लागार जे म्हणाले त्यात अर्धं खरं आहे. अमेरिकेतली बहुसंख्य कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवताना त्याला मदत लागणार आहे का, हे बघतात. मदत लागणाऱ्यांच्या जागा मोजक्या असतात आणि चुरस जास्त. पण सगळीच कॉलेजं तशी नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट इथे परदेशी मुलांच्या बाबतीतही प्रवेशाचा निर्णय करताना पैशांचा विचार करत नाहीत आणि प्रवेश दिला की घराला जेवढं कमी पडतं तेवढं भरून देतात. डार्टमथ आणि बोडन २०२२ मध्ये त्यांच्यात आली, ब्राउननं २०२५ मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून तेच धोरण घेतलं. अर्थात या सगळ्या ठिकाणी प्रवेश अतिशय अवघड आहे.

‘आत्ता नको लिहा, नंतर मागा’ हा सल्ला मात्र धोक्याचा आहे. अनेक कॉलेजांचा नियम असा आहे, की परदेशी विद्यार्थ्यानं प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल तर पुढे चारही वर्षं ती मागता येत नाही. घरावर मोठं संकट कोसळलं तर एखादं कॉलेज विचार करतं, पण त्यावर विसंबून कुणी तीन कोटींची सही करू नये. आणखी एक गोष्ट तुम्हाला बहुधा कुणीच सांगितलेली नाही. अर्ली डिसिजनच्या करारातून सन्मानानं बाहेर पडायची एक वाट असते. मदत मागितली होती, पण मिळालेल्या मदतीत शिकणं शक्य नाही असं दिसलं, तर कॉलेज मुलीला करारातून मोकळं करतं. मदत नकोच असं तुम्ही लिहून दिलंत तर ही एकमेव वाट तुम्ही स्वतःच्या हातानं बंद करता. डिसेंबरात प्रवेशाचं पत्र येईल, वर्षाला ८० लाखांची मागणी येईल, आणि ‘आम्हाला झेपत नाही’ म्हणायची सोय उरलेली नसेल, कारण झेपतं असं तुम्हीच सांगितलेलं असेल. शिवाय व्हिसासाठी कॉलेज कागदपत्रं देतं त्याआधी निदान पहिल्या वर्षाचा पैसा कुठून येणार याचे पुरावे मागतं. तिथे ते दाखवावेच लागतील.

मग लोक काय करतात? फ्लॅट गहाण टाकतात, बागेचा तुकडा विकायला काढतात. निफाडच्या बागेचं तुम्हाला मी काय सांगणार? ऐन घड भरायच्या वेळी गारपीट झाली तर त्या वर्षी हातात काय उरतं हे तुमच्या दिरांना विचारा. त्या उत्पन्नावर डॉलरचं कर्ज उभं करू नका. मुलाचंही बघा. तो आज सातवीत आहे. त्याच्या ताईची चार वर्षं संपतील तेव्हा तो बारावीच्या उंबरठ्यावर असेल. एकाची फी संपते न संपते तोच दुसऱ्याची तयारी सुरू होणार आणि फ्लॅटचे हप्ते या सगळ्या काळात चालूच राहणार.

म्हणून पहिलं काम हे. येत्या रविवारी तुम्ही आणि यजमान बसा आणि एक आकडा ठरवा: राहतं घर न विकता, मुलाच्या वाटणीचं न मोडता, आपण दर वर्षी किती लाख देऊ शकतो, सलग चार वर्षं? आकडा १२ लाख निघेल, १८ निघेल, काहीही निघेल. तो कागदावर लिहा आणि मुलीला सांगा. ती सतरा वर्षांची आहे, गणिताची आवड असलेली आहे. तिला हा हिशेब कळतो. आकडा लपवला तर ती हवेत यादी बनवत राहते. आकडा कळला की मुलं स्वतःच नवी यादी करायला बसतात, आणि ती यादी पुष्कळदा आधीपेक्षा जास्त विचारानं केलेली असते. शाळेत काम करताना मी हे वारंवार बघते.

दुसरं काम मुलीनं करायचं, तुम्ही किंवा सल्लागारांनी नाही. पेनसिल्व्हेनियातल्या त्या कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला तिनं ईमेल करावा. परदेशी विद्यार्थ्याच्या प्रवेशाचा निर्णय करताना तुम्ही त्याची आर्थिक गरज बघता का? प्रवेश दिलेल्या परदेशी विद्यार्थ्याची सगळी गरज भरून देता का? अर्ज करण्याआधी आमच्या घराला किती मदत मिळू शकेल याचा अंदाज देता का? मदत अपुरी पडली तर अर्ली डिसिजनमधून मोकळं करता का? प्रश्न स्पष्ट विचारले की ही कार्यालयं सहसा स्पष्ट उत्तरं देतात. कॉलेजच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज देणारं गणकयंत्र असतं, पण ते मुख्यतः अमेरिकन घरांसाठी बनवलेलं असतं, म्हणून त्यातल्या आकड्यावर जाऊ नका. माणसाचं लेखी उत्तर मागा.

मदतीसाठी बहुतेक ठिकाणी ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा लांबलचक अर्ज भरावा लागतो. पगार, बँकेतल्या ठेवी, फ्लॅटची किंमत, त्यावरचं कर्ज, शेतजमीन, भविष्यनिर्वाह निधी, सगळं त्यात विचारतात. बाग सामायिक असेल तर सातबाऱ्यावर यजमानांचं नाव कोणत्या हिश्श्यानं आहे ते आत्ताच बघून ठेवा. बागेची किंमत कागदावर लाखांनी दिसते आणि ती मोडून फी भरता येत नाही, ही गोष्ट तिथल्या अधिकाऱ्याला आपोआप कळणार नाही. अर्जाबरोबर टिपण जोडायची सोय असते. जमीन वडिलोपार्जित आहे, तिच्यावर दिरांचं घर चालतं, हे चार ओळींत लिहा. खरं तेवढंच लिहा आणि काही लपवू नका. हा अर्ज भरायला दोन-तीन निवांत संध्याकाळी लागतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सहामाही आणि दिवाळीच्या धावपळीत तो घाईनं भरला की चुका होतात.

थोरल्या दिरांचं मन मोडायचं नाही, पण त्यांचा अनुभव तुम्हाला लागू पडत नाही. त्यांचा मुलगा तिथला रहिवासी. त्याच्याकडे संघराज्य सरकारच्या मदतीचा अर्ज आहे, राज्याची मदत आहे, आणि काहीच जमलं नाही तर रटगर्ससारखं राज्याचं चांगलं विद्यापीठ रहिवाशांच्या फीत शिकवायला घराजवळ आहे. शिवाय त्याच्यासारख्या मुलांच्या बाबतीत घरच्या पैशांचा विचार न करता प्रवेश देणारी कॉलेजं कितीतरी जास्त आहेत. त्यानं डिसेंबरात एकाच ठिकाणी शब्द दिला तेव्हा त्याच्या पायाखाली हे सगळं होतं. तुमच्या लेकीच्या पायाखाली काय आहे, ते तुम्हाला इथे भारतात तयार करावं लागेल. त्याबद्दल पुढे लिहिते.

एक जुनी हकीकत सांगते, कारण तुम्हाला वाटतं आहे तो अन्याय तुमच्या मनाचा खेळ नाही. २००६ मध्ये हार्वर्डनं आणि पाठोपाठ प्रिन्स्टननं लवकर प्रवेशाची पद्धतच बंद करायचं जाहीर केलं. कारण उघडपणे सांगितलं होतं: या पद्धतीचा लाभ सुस्थितीतल्या, माहीतगार घरांतल्या मुलांना जास्त होतो, ज्यांना वेगवेगळ्या कॉलेजांची मदत शेजारी-शेजारी ठेवून तुलना करायची असते ती मुलं मागे पडतात. इतर कॉलेजं फारशी त्यांच्यामागे गेली नाहीत आणि २०११ मध्ये दोघांनीही पद्धत पुन्हा सुरू केली, पण बंधन न घालता. बंधनाचा अर्ज ज्याला तुलना करायची गरज नाही त्याच्या सोयीचा असतो. तुम्हाला तुलनेची गरज आहे. नियमित फेरीत मार्चअखेर तीन-चार ठिकाणांहून पत्रं आली, एकानं जास्त मदत दिली, दुसऱ्यानं कमी, तर ती समोर ठेवून निवडता येतं, कमी देणाऱ्याला पुन्हा विचार करा म्हणून लिहिताही येतं. डिसेंबरात एकच पत्र हातात असेल तर यातलं काहीच करता येत नाही.

आता मुलीबद्दल. कॉलेज दोन-तीनदा बदललं याचा तुम्ही दोष मानू नका. ती शोधते आहे, आणि या वयात ते व्हायलाच हवं. पण जे मन ऑगस्टमध्ये एकीकडे होतं आणि सप्टेंबरमध्ये दुसरीकडे, त्याला नोव्हेंबरात बांधून घालू नये. तिला एक साधा प्रश्न विचारा: त्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला कोणते विषय असतात, आणि गणिताबरोबर ते घेता येतात का? छोट्या कॉलेजांत प्राध्यापक जवळून शिकवतात, हा मोठा लाभ आहे. पण वरच्या वर्गांचे काही विषय दरवर्षी नसतात, एक वर्षाआड असतात. तिला हे माहीत असेल आणि तरी तेच कॉलेज हवं असेल, तर तिची आवड पक्की आहे. तिथली चित्रं आणि एखाद्या विद्यार्थिनीचा व्हिडिओ एवढ्यावर आवड उभी असेल तर ती आणखी एकदा बदलेल, आणि बदलू द्यावी.

गुणांचंही एक आहे. १४८० हे चांगले गुण आहेत, पण सगळ्यात चुरशीच्या ठिकाणी प्रवेश मिळालेल्या मुलांत ते खालच्या अंगाला येतात. गेल्या काही वर्षांत एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड अशा ठिकाणी परीक्षेचे गुण पुन्हा मागायला लागलेत. ऑक्टोबरच्या परीक्षेत गुण वाढले तर ते नोव्हेंबरच्या अर्जाला पुरतात. नाही वाढले तर नियमित फेरीसाठी डिसेंबरची परीक्षा हातात राहते, बारावीच्या सहामाहीचे गुण शाळेच्या पत्रात घालता येतात, आणि निबंधाला दोन महिने जास्त मिळतात. निबंधाचे हे दोन महिने फार मोलाचे असतात. ऑक्टोबरमधला निबंध बहुतेक वेळा सल्लागारांच्या सूचनांनी भरलेला असतो. डिसेंबरपर्यंत त्यात मुलीचा स्वतःचा आवाज यायला लागतो.

तर नोव्हेंबर रिकामा सोडायचा का? नाही. तिला लवकर काहीतरी पाठवायचंच असेल तर ज्यात बंधन नाही ते पाठवा. ऑक्टोबरमध्ये गुण बरे वाढले आणि तिची तयारी असेल तर प्रिन्स्टन किंवा येलचा लवकरचा अर्ज तुमच्यासारख्या घराला पैशांच्या बाजूनं सगळ्यात सुरक्षित, कारण तिथे बंधनही नाही आणि मदत मागितली म्हणून नावही मागे पडत नाही. मिळण्याची शक्यता कमी आहे, हे तिला आधीच मोकळेपणानं सांगा, म्हणजे डिसेंबरात ती कोसळणार नाही. ते नको असेल तर शिकागो विद्यापीठ बघा. अर्थशास्त्रात त्याचं नाव जगभर आहे आणि तिथे अर्ली ॲक्शनचा अर्जही करता येतो. मात्र परदेशी मुलांच्या बाबतीत ते आर्थिक गरज बघतात. या दोन वाटा एकाच वेळी धरता येत नाहीत, एक निवडावी लागेल. काही ठिकाणी गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्तीसाठी लवकरच्याच फेरीत अर्ज करावा लागतो. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात तसं आहे. यादीतल्या प्रत्येक कॉलेजची ही तारीख तिनं स्वतः संकेतस्थळावर बघून लिहून काढावी.

माझं मत कशानं बदलेल तेही सांगते. त्या छोट्या कॉलेजनं लेखी कळवलं, की प्रवेश दिलेल्या परदेशी विद्यार्थ्याची सगळी गरज आम्ही भरतो, आणि दिलेला अंदाज तुमच्या रविवारच्या आकड्यात बसला, आणि मुलीचं मन तोवर तिथेच टिकलं, तर मदत मागून केलेल्या अर्ली डिसिजनच्या अर्जावर खुशाल सही करा. खरं तर अशा काही कॉलेजांत मदत मागणाऱ्या परदेशी मुलांना लवकर अर्ज केल्याचा फायदा होऊ शकतो, कारण त्यांच्यासाठी ठेवलेला निधी तेव्हा अजून वाटला गेलेला नसतो. या तीन गोष्टी १ नोव्हेंबरपर्यंत जुळल्या नाहीत पण डिसेंबरअखेर जुळल्या, तर त्या कॉलेजला जानेवारीची दुसरी फेरी आहे का ते बघा. तोवर सॅट झालेली असेल, मदतीचा अर्ज शांतपणे भरलेला असेल, आणि मुलगी आणखी दोन महिन्यांनी मोठी झालेली असेल. या वयात दोन महिने पुष्कळ असतात.

भारतातली तयारी सोडू नका. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम आहे, दिल्ली विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामायिक प्रवेशपरीक्षा आहे, सोनीपतचं अशोका विद्यापीठ वेगवेगळ्या फेऱ्यांत अर्ज घेतं आणि घरच्या परिस्थितीनुसार फीत सवलतही देतं. हे अर्ज वेळेवर जाऊ द्या. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये तोंडावर येते; अमेरिकेचे निबंध लिहिताना अभ्यास मागे पडणार नाही, एवढं वेळापत्रक तिनं आत्ताच आखावं. घराजवळ एक चांगला पर्याय पक्का असेल तर ती बाहेरच्या अर्जांतही घाबरून लिहीत नाही.

तुम्ही लेकीच्या वाटेत आडव्या येत आहात का, हे तुम्ही विचारलंत. सही टाळून गप्प बसलात आणि कारण सांगितलं नाहीत तर तिला तसं वाटेल. आकडा, हिशेब आणि पुढचा बेत तिच्यासमोर ठेवून ‘या फेरीत नको, पण अर्ज करूया’ म्हणालात तर वाटणार नाही. एखाददुसरा दिवस रुसेल, रडेल. तिला ते कॉलेज मनापासून आवडलं आहे आणि त्या आवडीला मान द्यायला हवा, म्हणून तिचं रडणं उडवून लावू नका. यजमानांशी मात्र आधी एकांतात बोला. मुलीसमोर आई-बाबांचे दोन सूर निघाले तर ती जो ‘हो’ म्हणेल त्याच्याकडे झुकेल आणि पैशांची गोष्ट भांडणात बुडेल.

सल्लागारांना फोन तुम्ही करा. त्यांची फी भरली आहे म्हणून त्यांचं सगळं ऐकायलाच हवं असं नाही. प्रवेश मिळालेल्या मुलांची यादी ही त्यांच्या धंद्याची जाहिरात असते. त्या मुलांची फी कशी भरली गेली हे त्या यादीत नसतं. त्यांना स्वच्छ शब्दांत सांगा, की अर्ली डिसिजनचा निर्णय कॉलेजचं उत्तर आल्यावर आम्ही घरी करू आणि तोवर आमच्या वतीनं काहीही दाखल करायचं नाही. अर्जाच्या खात्याचा पासवर्ड त्यांच्याकडे असेल तर आजच बदला आणि तो मुलीकडेच राहू द्या. मग तिला शेजारी बसवून अर्जातला आर्थिक मदतीचा रकाना उघडा, आणि तिथे ‘नाही’ असेल तर ‘हो’ करा.